मक्केहून ताइफ: टूरची बस की भाड्याची गाडी?

उमराहच्या (मक्केच्या छोट्या यात्रेच्या) मुक्कामात पहिले काही दिवस हरमच्या, म्हणजे मक्केतल्या मुख्य मशिदीच्या, पलीकडे कुठे जावेसे वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरे. पाच वेळच्या नमाजा, तवाफ (काबेची प्रदक्षिणा) आणि मधली थोडी झोप यांतच दिवस निघून जातो. मुक्काम आठवड्याच्या पुढे सरकला, की हॉटेलच्या लिफ्टजवळ टूरवाल्यांचा कागद दिसू लागतो: फजरनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) ताइफ जियारत (पवित्र स्थळांची भेट), इच्छुकांनी नावे द्यावीत. त्याच सुमारास खोलीतले कोणीतरी म्हणते, बसचे कशाला, आपणच चार-पाच जण मिळून गाडी करू. आमच्या रत्नागिरीकडून जाणारे लोक निघण्यापूर्वी हाच प्रश्न विचारतात. मी ताइफला बसनेही गेलो आहे आणि गाडीनेही. दोन्हींत गुण आहेत, हे प्रामाणिकपणे सांगेन. माझा कल कुठे आहे ते मात्र फार वेळ लपून राहणार नाही.

ताइफ कुठे आहे, मीकात (मक्केकडे जाताना इहराम बांधायची हद्द) म्हणजे काय, इहराममध्ये (यात्रेचा पोशाख आणि त्याचे नियम) काय चालते आणि काय चालत नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. एक खुलासा मात्र करतो. उमराहच्या व्हिसावर आता सौदीत कुठेही फिरता येते. हजच्या व्हिसावर मक्का, मदिना आणि जिद्दा एवढ्यातच राहावे लागते. त्यामुळे पुढचे सारे उमराहला जाणाऱ्यांसाठी आहे.

निवड करण्याआधी आपण ताइफला कशासाठी जातो, हे स्वतःशी ठरवून घ्यावे. मक्का समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर ताइफ सुमारे १,८०० मीटरवर आहे. मक्केच्या उन्हातून दोन तासांच्या आत माणूस थंड हवेत पोहोचतो. तेवढ्याचसाठी, म्हणजे हवा, ताइफजवळच्या हदाच्या कड्यावरून खाली अल-करपर्यंत जाणारा रोपवे, डाळिंबे आणि गुलाबाचे अत्तर यांसाठी जायचे असेल, तर बसने जावे की गाडीने, यावर डोके शिणवण्याची गरज नाही. बस स्वस्त पडते आणि तीच पुरेशी आहे. परंतु ताइफ हे सीरतमधले, पैगंबरांच्या (स.) चरित्रातले, सर्वांत दुखऱ्या प्रसंगाचे गाव आहे, आणि तो प्रसंग जिथे घडला त्या जमिनीवर थोडा वेळ उभे राहावे या इच्छेने कोणी जात असेल, तर दोन पर्यायांत पुष्कळ अंतर पडते. कुठे थांबायचे आणि किती वेळ, हे आपण ठरवायचे की दुसऱ्याने, यावर तो सारा फरक उभा आहे.

आधी रस्त्याचे बोलू. मक्केहून ताइफला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक हदाचा घाट. १९६०च्या दशकात डोंगर फोडून तो काढला, आणि पुढे रुंद करून त्याचा दुहेरी मार्ग केला. दुसरा सैल अल-कबीरवरून जाणारा, लांबचा पण सरळ आणि सौम्य चढाचा. हदाने अंतर नव्वदच्या आसपास किलोमीटर पडते आणि सैलने त्याहून बरेच जास्त. आमच्या बसने जाताना आणि येताना सैलचाच रस्ता धरला, कारण लांब गाड्यांचे चालक वळणांपेक्षा सरळ रस्ता पसंत करतात. गाडीने गेलो तेव्हा हदाने चढलो. आंबा घाट चढलेल्या माणसाला वळणांचे नवल वाटणार नाही, पण इथे झाडी नाही. सारा डोंगर उघडा असल्यामुळे आपण कुठून वर आलो हे प्रत्येक वळणावर खाली दिसत राहते. कानांना दडे बसतात. कठड्यावर वानरांच्या टोळ्या बसलेल्या असतात, आणि गाडी थांबली की त्या खिडकीशी येतात. त्यांना खायला घालू नये. घाटात पाऊस झाला किंवा दरड आली, की रस्ता बंद करतात, दुरुस्तीसाठीही काही काळ बंद ठेवतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री चालकाला विचारून घ्यावे. ज्यांना वळणांवर मळमळते त्यांच्यासाठी हदा हा गाडीचा गुण नसून दोष आहे, हेही इथेच नोंदवून ठेवतो. आमच्या गाडीतल्या एका मुलाला पहिल्याच चढात उलटी झाली, आणि चालकाने सवयीने, एकही शब्द न बोलता, पिशवी मागे दिली.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला तिच्याकडे येतो. तिची पार्श्वभूमी सर्वांना माहीत आहे, पण ती डोळ्यांपुढे असल्याशिवाय माझी कुरकुर समजायची नाही. नबुव्वतच्या (पैगंबरपदाच्या) दहाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ६१९-२०च्या सुमारास, काका अबू तालिब आणि पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर पैगंबर (स.) हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना बरोबर घेऊन ताइफला आले. सकीफ टोळीच्या तीन सरदार भावांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, उलट गावातली उनाड पोरे त्यांच्या मागे लावली. दगडांचा मारा चुकवत, रक्ताळलेल्या पायांनी त्यांनी उतबा आणि शैबा या भावांच्या द्राक्षमळ्यात आसरा घेतला. त्या मालकांनी आपला अद्दास नावाचा ख्रिस्ती गुलाम द्राक्षांचा घोस घेऊन पाठवला. पैगंबरांनी बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला तेव्हा अद्दास चकित झाला, कारण या मुलखात असे कोणी म्हणत नसे. तू कुठला, असे त्याला विचारले. तो निनवाचा, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचा. त्यावर, म्हणजे माझा भाऊ (पैगंबर) यूनुस याच्या गावचा, असे उत्तर मिळाले. साऱ्या गावाने दगड मारलेल्या दिवशी एका परक्या गुलामाने माया दाखवली. ती जागा ताइफच्या मसना भागात असल्याचे परंपरा सांगते, आणि तिथे मस्जिद अद्दास नावाची एक छोटी मशीद आहे.

आमची बस मसनात शिरली तेव्हा टूरच्या मौलानांनी माइक हातात घेतला आणि सांगितले, की उजव्या बाजूला पाहा, मस्जिद अद्दास. उजव्या बाजूच्या लोकांनी काचेला नाक लावले, डाव्या बाजूचे उभे राहिले आणि त्यांना उजव्या बाजूच्यांच्या टोप्या दिसल्या. मला झाडाच्या आणि उभ्या केलेल्या एका ट्रकच्या आडून भिंतीचा तुकडा दिसला. मौलाना द्राक्षांच्या घोसापर्यंत पोहोचले तोवर बस पुढच्या वळणावर होती. गल्ली अरुंद, मागे गाड्या, बस थांबवायला जागा नाही, हे कारण खरे होते, त्यात चालकाचा दोष नाही. पण तीच बस त्याच दुपारी अत्तराच्या एका दुकानापुढे पाऊण तास निवांत उभी राहिली. दुकानात शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर गुलाबाचे बोट फिरवले गेले, खजूर आणि कहवा आला, गुलाबपाण्याच्या बाटल्यांचे भाव सुरू झाले आणि टूरचे लोक एका कोपऱ्यात दुकानदाराबरोबर हसत चहा पीत होते. ताइफच्या गुलाबाविषयी माझी तक्रार नाही. मार्च-एप्रिलमध्ये हदा आणि शफाच्या मळ्यांत पहाटे त्याची तोडणी होते, एका तोळ्याच्या अत्तराला हजारो फुले लागतात, आणि त्या परंपरेला २०२४ साली युनेस्कोच्या यादीत स्थानही मिळाले आहे. पण जियारतच्या नावाने काढलेल्या सहलीत जियारत काचेतून व्हावी आणि खरेदी पायांनी, हे प्रमाण मला पटले नाही. सगळ्याच टूरमध्ये असे होते असे मी म्हणणार नाही. तरी परतल्यावर ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकांनी मान डोलावली.

वेळेची ही ओढाताण एकट्या दुकानामुळे होते असेही नाही. तिच्यामागे मीकात आहे. ताइफ मीकातच्या पलीकडे असल्यामुळे परतताना इहरामचा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्रातल्या लोकांच्या बसमध्ये तो हमखास गुंतागुंतीचा होतो, कारण अर्धी बस कोकणची म्हणजे शाफई आणि अर्धी घाटावरची किंवा मराठवाड्याची म्हणजे हनफी असते (दोन्ही सुन्नी धर्मशास्त्राच्या परंपरा). शाफई मताप्रमाणे उमराहचा इरादा नसेल तर ताइफहून मक्केत इहरामशिवाय परतता येते. हनफी मताप्रमाणे मीकातबाहेरून मक्केच्या पवित्र हद्दीत येणाऱ्याला इहराम बांधावाच लागतो, नाहीतर दम (भरपाईची कुर्बानी) द्यावा लागतो. आपल्या बाबतीत काय लागू आहे ते आपापल्या आलिमांना (धर्मपंडितांना) आधीच विचारून घ्यावे, बसच्या पायरीवर उभे राहून नव्हे. माझा मुद्दा एवढाच, की बसमधले पाच जण जरी इहराम बांधणार असले तरी सारी बस सैल अल-कबीरच्या मीकातवर थांबते, आणि पाचांऐवजी चाळीस असले तर न्हाणीघरांच्या रांगा, हरवलेला चपलांचा जोड, दोन रकात नमाज, मोजणी, एक माणूस कमी, पुन्हा मोजणी, असा क्रम चालतो. टूरवाले शहाणे असतात. त्यांना हा उशीर ठाऊक असतो, म्हणून ते तो आधीच सकाळच्या वेळेतून कापून घेतात. कापला जातो तो मसनाचा आणि ताइफमधल्या इब्ने अब्बास मशिदीचा वेळ. दुकानाचा कधी कापला जात नाही.

बसच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण तिची बाजू लंगडी नाही. एकट्या आलेल्या बायका, गुडघ्यांचा त्रास असलेले वडीलधारे आणि ज्यांना भाषेची भीती वाटते त्यांच्यासाठी बस फार सोयीची आहे. घासाघीस नाही, चालक रस्ता चुकेल ही धास्ती नाही, इहरामची नियत कोणीतरी मोठ्याने म्हणून घेतो, तलबिया (लब्बैकचा घोष) सगळे मिळून म्हणतात आणि त्या आवाजात बसमधल्या सर्वांत थकलेल्या म्हाताऱ्यालाही हुरूप येतो. गाडीत चौघांनी तलबिया म्हटली तर ती मनापासून असते, पण तिला तो आवाज येत नाही. शिवाय आमच्या मौलानांची सीरत पाठ होती. थांबायला वेळ मिळाला असता तर त्यांनी ती उत्तम सांगितली असती, अशी माझी खात्री आहे.

बसच्या पदरात आणखी एक गोष्ट टाकायला हवी. ती ज्या सैलच्या रस्त्याने परतते, तो रस्ता सीरतच्या दृष्टीने हदाच्या घाटापेक्षा जास्त मोलाचा आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांनी विचारले होते, की उहुदच्या लढाईपेक्षा कठीण दिवस आपल्यावर कधी आला होता काय. त्यावर पैगंबरांनी (स.) ताइफच्या त्या दिवसांची आठवण सांगितली आणि म्हटले, की मी दुःखात चालत राहिलो, कर्न अस-सआलिबला पोहोचलो तेव्हा कुठे भान आले. तिथेच डोंगरांच्या फरिश्त्याने विचारले, की आज्ञा असेल तर हे दोन डोंगर त्या लोकांवर आणून आदळू का. उत्तर नकाराचे होते: यांच्या पुढच्या पिढ्यांतून एका अल्लाहची इबादत करणारे निघतील अशी मला आशा आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे, आणि कर्न अस-सआलिब म्हणजेच कर्न अल-मनाजिल, आजची सैलची मीकात, असे बऱ्याच भाष्यकारांचे मत आहे. ज्या आवारात लोक टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत भांडतात, तिथे हा प्रसंग घडला असावा. आमच्या बसमध्ये हे कोणी सांगितले नाही, कारण तोवर मौलानांना मोजणीचे काम लागले होते. पुढे मक्केकडे उतरताना नखलाची दरी लागते. ताइफहून परतताना जिन्नांनी कुरआन ऐकल्याचा प्रसंग सीरतकार नखलाचाच सांगतात. म्हणून गाडी केली तरी माझा आग्रह असा असतो, की वर जाताना हदाने जावे आणि परतताना सैलने यावे. हदाच्याच रस्त्याने परतायचे असेल तर वादी मुहरिम येथे मीकातची मशीद आहे, ती घाट उतरण्यापूर्वी वरच लागते. तिथे इहराम बांधला तरी चालतो. सैलने आल्यास चालक थोडे जास्त पैसे मागेल. द्यावेत.

गाडीने काय मिळते ते आता सांगतो. आम्ही फजरनंतर निघालो आणि ऊन चढायच्या आत मस्जिद अब्दुल्लाह इब्ने अब्बासपाशी होतो. पैगंबरांचे चुलतभाऊ, कुरआनचे सर्वांत मोठे जाणकार मानले गेलेले हजरत इब्ने अब्बास (रजि.) उतारवयात दृष्टी गेलेल्या अवस्थेत ताइफला राहिले आणि हिजरी ६८मध्ये इथेच वारले. मशीद मोठी आहे, शहराच्या मध्यावर आहे, आणि बसही इथे थांबते. फरक असा, की बसवाल्यांना दोन रकात पढून दहा मिनिटांत परत बोलावले जाते. भिंतीपलीकडच्या जुन्या कब्रस्तानाची हकिगत तिथे निवांत बसल्याशिवाय उलगडत नाही. हिजरी ८मध्ये हुनैनच्या लढाईनंतर याच ताइफला वेढा पडला होता. मंजनीक (दगडफेकीचे यंत्र) वापरूनही कोट पडला नाही, बारा साथी शहीद झाले, आणि अखेर वेढा उठवण्यात आला. त्या शहिदांचे दफन याच परिसरात असल्याचे सांगतात. दुसऱ्याच वर्षी सकीफचे लोक आपण होऊन मदिनेला आले आणि मुसलमान झाले. दगड मारणाऱ्यांच्या पुढच्या पिढीविषयी व्यक्त केलेली आशा दहा-अकरा वर्षांत खरी झाली. कबरींपर्यंत जाता येत नाही, आणि कोणी तसा हट्टही धरू नये. मशिदीत एका कडेला बसून आमच्यातल्या शिक्षकाने हे सारे मुलांना समजावून सांगितले. कोणी हॉर्न वाजवला नाही.

मसनात आम्ही गाडी मोठ्या रस्त्यालगत लावली आणि गल्लीतून चालत गेलो. मस्जिद अद्दासचे दार बंद होते. अशा लहान मशिदी नमाजाच्या वेळेशिवाय बंद असू शकतात, त्यामुळे जमल्यास जोहर किंवा असरच्या (दुपारच्या नमाजांच्या) बेताने पोहोचावे. आम्ही बाहेर कठड्यावर बसलो. जवळ पाण्याचा पाट, डाळिंबाची काही झाडे आणि एका भिंतीवर चढलेला द्राक्षाचा वेल होता. तो त्या मळ्याचा वारस आहे असे कोणी म्हणणार नाही, पण बसच्या काचेतून तो दिसलाही नव्हता. जवळच डोंगराच्या पायथ्याशी मस्जिद अल-कू आहे. इथे पैगंबरांनी कोपर टेकून विसावा घेतला असे सांगतात. हे परंपरेने चालत आलेले आहे, पक्का पुरावा शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही. तरीही त्या उतारावरून खाली पाहिले, की जखमी माणूस गावाबाहेर कोणत्या दिशेने निघाला असेल याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज मला कोणत्याही माइकवरून मिळाला नव्हता.

आणि सैसद. माझ्या झुकत्या मापाचे खरे कारण विचाराल तर ते हेच. शहराच्या पूर्वेला, थोड्याच अंतरावर, सैसदच्या उद्यानात एक जुने दगडी धरण आहे, आणि त्याच्या जवळच्या खडकावर अरबी लेख कोरलेला आहे. हे धरण अल्लाहचा बंदा, अमीरुल मोमिनीन (खलिफा) मुआविया यांचे आहे, अब्दुल्लाह बिन सख्र याने ते अल्लाहच्या हुकमाने सन ५८मध्ये बांधले, असा त्याचा आशय आहे. पुढे मुआवियांसाठी दुआ आहे आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव. हिजरी ५८ म्हणजे इ.स. ६७७-७८. सन कोरलेल्या सर्वांत जुन्या इस्लामी शिलालेखांत याची गणना होते. अक्षरे कोनदार आहेत, एकमेकांना चिकटून जातात आणि काहींवर नुक्ते (अक्षरांचे ठिपके) दिसतात. नुक्त्यांच्या इतिहासासाठी हा लेख फार मोलाचा मानतात. आमच्यातल्या कुरआन शिकवणाऱ्या बाईंनी बोट न लावता, हवेत गिरवत, 'मुआविया' हे नाव ओळखले तेव्हा मुलेही खडकाशी वाकली. मशिदी कितीही जुन्या नावाच्या असल्या तरी भिंती नव्याने बांधलेल्या असतात. इथे मात्र हजरत इब्ने अब्बास हयात असताना कोरलेला दगड समोर असतो. कोणत्याही टूरच्या कागदावर सैसदचे नाव मी वाचलेले नाही. चालकांनाही ते ठिकाण उद्यान म्हणून ठाऊक असते, लेखासाठी नव्हे. म्हणून फोनच्या नकाशावर जागा आधीच खुणा करून ठेवावी.

गाडीचे दोष झाकून ठेवायचे नाहीत. पहिला चालक. मक्केत हिंदी-उर्दू बोलणारे चालक सहज मिळतात, पण हरमच्या आसपास 'उमरा छोटा, उमरा बडा' अशा आरोळ्या देणाऱ्यांचा मुख्य धंदा इहराम बांधण्यासाठी मक्केजवळच्या तनईमच्या मस्जिद आयशाला आणि जिराना येथे नेण्याचा असतो. ताइफचे नाव काढले की तेही मान हलवतात, आणि वाटेत लक्षात येते की त्यांना रोपवे आणि अत्तराचे दुकान एवढेच ठाऊक आहे. दुकानात नेण्याचा मोह गाडीच्या चालकालाही असतो. फक्त तिथे 'नको भाऊ, पुढे चला' असे म्हणता येते आणि ते ऐकले जाते. परवाना असलेली टॅक्सीच करावी, खासगी गाडीत स्वस्तात बसू नये. तिला रस्त्यात अडवले तर दिवस वाया जातो. निघण्यापूर्वी थांबे, परतीचा रस्ता, मीकातवरची थांबण्याची वेळ आणि एकूण रक्कम हे सर्व ठरवून, शक्यतो फोनवर लिहून चालकाला पाठवावे. आमच्या चालकाने परतताना वेटिंगचे वेगळे पैसे काढलेच. लिहिलेले दाखवल्यावर तो हसला आणि विषय मिटला. तरीही सगळ्यांच्या वाट्याला हसरा चालक येईल असे नाही.

दुसरा दोष पैशांचा. बसच्या एका आसनाच्या तुलनेत गाडी महाग पडते, यात वाद नाही. पाच जणांत विभागली तर माझ्या हिशेबाने तो फरक सहन होण्यासारखा होता. दोघांनीच गाडी केली तर तो टोचेल. अशा वेळी खोलीशेजारच्या कुटुंबाला विचारण्यात संकोच करू नये. तिथे लोक पटकन तयार होतात, कारण बसची खिडकी त्यांनीही पाहिलेली असते.

मीकातचे गाडीने जे सोपे होते त्याचीही कल्पना द्यावीशी वाटते. आमच्यात मी शाफई आणि माझे साडू सोलापूरचे, हनफी. त्यांना इहराम बांधायचा होता, मला उमराह करायचा होता म्हणून मीही बांधला, आणि दोघी बायकांनी ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे ठरवले. मीकातवर अर्ध्या तासाच्या आत आम्ही परत गाडीत होतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. अत्तर घ्यायचे असेल तर ते मीकातच्या आधीच, बाटली घट्ट बंद करून, पिशवीत बांधून डिकीत ठेवावी. इहराम बांधल्यावर सुगंध वर्ज्य, आणि मनगटावर लावलेले गुलाबाचे बोट पांढऱ्या कापडाला लागले की संध्याकाळभर मसला (धर्मनियम) विचारत फिरावे लागते. बसमध्ये आमच्या पुढच्या आसनावरच्या गृहस्थांचे नेमके तेच झाले होते. आणि परतून लगेच उमराह करायचा असेल तर नुसुक या सरकारी परवानगीच्या अॅपवरची वेळ उशिराची, इशानंतरची (रात्रीच्या नमाजानंतरची) घ्यावी. घाटातून आलेल्या माणसाला मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) गर्दीत सई (सफा-मरवाच्या फेऱ्या) करण्याचे बळ राहत नाही.

तरीही काही जणांना मी बसच सुचवतो. बरोबर आई-वडील असतील आणि त्यांना चढ-उतार, पायी गल्ल्या, उन्हातले उद्यान झेपणार नसेल, तर बस घ्यावी, मात्र नाव देताना टूरवाल्यांना दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत: मसनात बस थांबणार की फक्त दाखवणार, आणि दुकानात किती वेळ. विचारणारे दहा जण निघाले तर पुढच्या खेपेला कागदावर बदल होईल, अशी मला थोडीशी आशा आहे. पहिल्यांदाच उमराहला गेलेल्यांनीही बसला नाक मुरडू नये. ज्याचे पाय धड आहेत, ज्याला चार सोबती मिळतात आणि ज्याने सीरत वाचलेली आहे, त्याने मात्र गाडी करावी, असे माझे नम्र मत आहे. हदा बंद असेल तरी बेत रद्द करू नये. गाडी सैलनेच वर जाईल, थोडा वेळ जास्त लागेल, पण मसनात आपल्याला हवे तेवढे थांबता येईल.